नागोयातली आपली गल्ली

जपानला जाऊन आला आणि मनोहर सोमकुवरचा मनोहरराव झाला. त्याआधी पाचपावलीच्या पलीकडच्या त्या गल्लीत त्याला कुणी राव लावत नव्हतं, आणि लावावं असं त्यानं काही केलंही नव्हतं. कळमेश्वरच्या एका सूतगिरणीत तो फिटर होता. सकाळच्या बसनं जायचा, संध्याकाळच्या बसनं यायचा, अंगाला ग्रीसचा वास. विहारात बैठक असली की मागं भिंतीला टेकून बसायचा. कधी चुकून तोंड उघडलंच, तर कमिटीचे अध्यक्ष देवराव मास्तर म्हणायचे, "मनोहर, तू जरा पेट्रोमॅक्सले पंप मार गा." तो उठून पंप मारायचा. तोवर ठराव पास झालेला असायचा.

बहात्तर साली गिरणीत जपानी यंत्रं यायची ठरली आणि एका फिटरला तीन महिने शिकायला नागोयाला पाठवायचं निघालं. खरा नंबर दुसऱ्याच एकाचा होता, पण त्याच्या आईनं विमान हे नाव ऐकूनच अंथरूण धरलं. मग साहेबांनी विचारलं, मॅट्रिकपर्यंत इंग्रजी कुणाचं झालंय? मनोहरचं झालं होतं, नापास का होईना. झालं, नशीब उघडलं.

गल्लीत तर नुसता कल्ला. देवराव मास्तर भूगोल शिकवायचे, त्यामुळं त्यांनी विहारात उभं राहून सांगितलं, "नागोया. शब्द नीट ऐका. नाग आहे त्यात. आपण नागलोक, आपलं नागपूर. तसं ते नागोया. तिथं आपलेच बौद्ध भाऊ राहून राहिले." आता भूगोलाचे मास्तर सांगताहेत म्हटल्यावर वाद कोण घालणार? विमानतळावर जायला निघालेल्या मनोहरच्या गळ्यात इतके हार पडले, की त्याला समोरचं दिसेना.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं ध्यानात यायचं नाही. गल्लीनं धम्म घेतला त्याला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. घरोघरचे देव गेले, नवस गेले, अंगात येणं गेलं. त्याचं कुणाला दुःख नव्हतं, उलट डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. पण जुनं सोडलं तरी दिवस रोज उगवतोच ना. दारापुढं सडा टाकावा की नाही? शेजाऱ्याकडं ताट पाठवताना काय करावं? मोठ्या गोष्टी ग्रंथात होत्या, या बारक्या गोष्टी कुठंच नव्हत्या. त्या देवराव मास्तरांच्या कमिटीनं ठरवायच्या, आणि मास्तरांची कसोटी सरळ होती. ज्या रीतीत देवाचं नाव आलं, ती रीत बाद.

त्याच कचाट्यात अंजनाबाईची वाटी सापडली. अंजनाबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून दीक्षेच्या मैदानात पहाटेपासून बसलेली. तिच्यापुढं देवाधर्माच्या गोष्टी करायची कुणाची छाती नव्हती. पण एकदा सुनेला म्हणाली, "कोणाचं भांडं रिकामं वापस देऊ नाही वं, लक्ष्मी रुसते." नेमके मास्तर दारावरून जात होते. लक्ष्मी शब्द कानावर पडला आणि संपलं. येत्या बैठकीत ठरलं, आजपासून शेजाऱ्याची भांडी घासूनपुसून, रिकामीच परत द्यायची.

"लक्ष्मी गेली चुलीत जी मास्तर," म्हातारी काकुळतीला आली. "ते बोलाची सवय हाये. पण लोकाची वाटी रिकामी कशी देऊ? हात उचलत नाही माहा." मास्तर म्हणाले, सवय होईल. आणि गल्लीत वाट्या रिकाम्या फिरू लागल्या. हळूहळू भरलेल्याही कमी फिरू लागल्या, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

तीन महिन्यांनी मनोहर परत आला आणि विहारात त्याचं भाषण ठेवलं गेलं. विषय, 'बौद्ध राष्ट्र जपान येथील आपल्या बांधवांची गल्ली'.

आता खोटं कशाला बोला, मनोहरनं जपान पाहिलाच नव्हता. पाहिलं होतं हॉस्टेल, कारखान्याची बस आणि कारखाना. पहिल्या दिवशी ताटात कच्ची मासोळी आली, ती पाहून त्याच्या पोटानं जे तोंड फिरवलं ते तीन महिने फिरवलेलंच राहिलं. भात, मीठ आणि गोपिकेनं, म्हणजे बायकोनं, बांधून दिलेलं लोणचं, यावर त्यानं दिवस काढले. एका रविवारी शहर पाहायला जायची हौस आली म्हणून त्यानं सुपरवायझरला खाणाखुणा करून विचारलं, मला नेता का? तो म्हणाला, "हाय." जपानीत हाय म्हणजे हो, एवढं मनोहरला शिकवलं होतं. रविवारी नवा शर्ट घालून तो फाटकावर दुपारपर्यंत उभा राहिला. कुणी आलं नाही. पुढं कळलं, की हाय म्हणजे हो असतं खरं, पण बऱ्याच वेळा त्याचा अर्थ नुसता 'ऐकतोय, बोला' एवढाच असतो. मग त्यानं शहराचा नाद सोडला.

तर भाषणाला उभा राहिला आणि त्याला जे येत होतं ते, म्हणजे यंत्रांचं, सांगू लागला. सूत कातायच्या चात्या किती, धागा तुटला की यंत्र आपोआप कसं थांबतं. पाच मिनिटांत मागच्या रांगेला जांभया. मास्तरांनी हात वर केला.

"यंत्राचं राहू द्या, मनोहरराव. तिथली गल्ली सांगा. बौद्ध माणूस तिथं राहते कसा, वागते कसा, ते सांगा."

राव. आणि 'सांग' नाही, 'सांगा'. मनोहरच्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सगळी गल्ली त्याच्या तोंडाकडं पाहत होती आणि सांगायला त्याच्याजवळ फुटकी कवडी नव्हती. त्याची नजर पुढं गेली. पुढ्यातच अंजनाबाई बसली होती. त्याची आई कामावर असायची तेव्हा हिच्याच ओट्यावर जेवून तो वाढला होता. आणि तोंडातून निघून गेलं, "तिथं शेजाऱ्याची वाटी रिकामी वापस देत नाहीत."

"पाह्यलं का जी मास्तर," अंजनाबाई म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "लक्ष्मीच्या नावानं?"

"नाही जी," मनोहर म्हणाला, आणि तेव्हाच त्याला तो शब्द सुचला ज्यानं त्याचं पुढचं आयुष्य बदललं. "मैत्रीभावनेतून."

मास्तरांचा चेहरा असा खुलला, की विचारू नका. मैत्रीभावना म्हटल्यावर प्रश्नच मिटला. त्याच रात्री गल्लीतल्या वाट्या गूळ, शेंगदाणे, लिंबू असं काहीबाही पोटात घेऊन हिंडू लागल्या.

एकदा चटक लागली की माणूस थांबतो थोडाच. महिन्याला एखादं भाषण होऊ लागलं. नागोयातल्या गल्लीत बाया दारापुढं पाणी शिंपडतात, मैत्रीभावनेतून. लोक उन्हाळ्याच्या संध्याकाळी बाजा बाहेर टाकून गप्पा करत बसतात, पंख्यानं एकमेकांना वारा घालतात. नवीन भाडेकरू आला तर तोच आधी शेजाऱ्यांकडं काहीतरी घेऊन जातो. मनोहर एकेक सामान आपल्याच गल्लीतून, आपल्याच आईच्या घरातून उचलायचा, त्याला जपानी करायचा आणि गल्लीला परत द्यायचा. आणि जी रीत कालपर्यंत अडाणी वाटत होती ती लोक आता मान वर करून पाळायचे.

एकदाच त्याचा हिशेब चुकला. भाषण रंगात आलं असताना गोपिकेनंच बायांमधून विचारलं, "तिथं नळावर कोण जाते जी?" मनोहर भरात होता. म्हणाला, "रविवारी माणसं भरतात." तेव्हापासून दर रविवारी गल्लीतले सगळे बाप्ये पाण्याचे गुंड घेऊन नळावर उभे, आणि सगळ्यांत पुढं मनोहरराव.

पण ते सोडा. लग्न असो, नामकरण असो, घरभरणी असो, मास्तर आधी त्याच्याकडं वळायचे. "मनोहरराव, तिकडं कसं करतात?" हे ऐकायला मिळावं म्हणून तो आणखी दहा वर्षं पाणी भरायला तयार होता. गोपिकेच्या चालण्यातही फरक पडला. पूर्वी ती नवऱ्याचं नाव निघालं की विषय बदलायची, आता तीच विषय काढायची. रात्री ती शांत झोपायची आणि हा आढ्याकडं पाहत पडायचा. कुणीतरी खरा जपानी इथं आला तर? पण नागपुरात, त्यातून पाचपावलीत, कशाला कोण येतंय?

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आला की.

गिरणीतली यंत्रं कुरकुरायला लागली म्हणून कंपनीनं माणूस पाठवला. नाव निशिमुरा. बारका, हसतमुख, बोटांत सतत सिगरेट. तो आठवडाभर कळमेश्वरला यंत्राच्या पोटात डोकं घालून बसला होता आणि मनोहर त्याच्या हाताखाली पाने-पकडी देत होता. मनोहरनं ठरवलं होतं, घरी अवाक्षर काढायचं नाही. पण गल्लीतली आणखी दोन पोरं त्याच गिरणीत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर दारात हजर.

"मनोहरराव, नागोयाचा माणूस इथं आला आणि तुम्ही बोलले नाही? रविवारी विहारात आणा त्यांना. आपण त्यांच्या गल्लीच्या रीती पाळतो, हे त्यांनी पाहायला पाहिजे."

"त्याईले आपली भाषा येत नाही जी."

"तुम्ही आहा ना सांगायला."

हा एक दिलासा होता. दुभाषा तोच. साहेब काहीही बोलो, मराठीत तो सांगेल तेच खरं. मनोहरला जरा धीर आला. त्यानं निशिमुराला निमंत्रण दिलं आणि उत्तर आलं, "हाय." या वेळी त्यानं खात्री करून घेतली, ऐकतोय की येतोय. साहेब हसला आणि म्हणाला, "ज़रूर आएँगे. हमको हिंदी थोड़ा-थोड़ा आता है. दो साल कानपुर में थे."

मनोहरच्या हातातला पाना खाली पडला. नागपुरातलं शेंबडं पोर देखील हिंदी समजतं. म्हणजे दुभाष्याची गरजच संपली. आता रविवारी सगळी गल्ली साहेबाला थेट विचारणार, साहेब थेट सांगणार, आणि मनोहररावाचा पुन्हा मनोहर होणार. लबाड मनोहर. पंप मारायला सुद्धा कुणी सांगणार नाही.

रविवारी बसमधून येताना त्यानं धीर करून साहेबाला सांगून पाहिलं. "साहब, मेरी इज्जत का सवाल है. लोग कुछ भी पूछेंगे, आप हाँ बोलना."

"हाय," निशिमुरा म्हणाला. पण कोणतं हाय, ते मनोहरला कळलं नाही.

विहारासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. सगळी गल्ली लोटली होती. निशिमुरा हे नाव बायांच्या तोंडात काही बसेना, त्यांनी त्याचा मुरारीसाहेब करून टाकला. मास्तर दोन वेळा रागावले, "मुरारी नाही म्हणायचं, तो कृष्ण होतो," पण उपयोग झाला नाही. साहेबानं बुद्धमूर्तीपुढं गुडघे टेकले, मग सगळ्यांना वाकून जयभीम केला. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मनोहरच्याही आलं, पण ते भीतीनं.

मास्तर सरळ मुद्द्यावर आले. त्यांची हिंदी शाळेतली होती. "महोदय, आपकी गली में दरवाज़े के सामने पानी छिड़कते हैं?"

"हाय," साहेब मान हलवत म्हणाला.

"हाय म्हणते वं बाई," बायांत गलका उठला. "आपलीच बोली बोलते तो." आता आमच्याकडं हाये म्हणजे आहेच, दुसरा अर्थ नाही. मास्तरांचा ऊर भरून आला. संध्याकाळी लोक बाहेर बसतात? हाय. एकमेकांना वारा घालतात? हाय. नवा माणूस शेजारी काही घेऊन जातो? हाय, हाय. गोपिकेनं मागून विचारून घेतलं, नळावर बाप्ये जातात का? साहेबाला बहुतेक प्रश्न कळला नाही, पण तो हसून म्हणाला, "हाय." बाप्यांनी माना खाली घातल्या.

मनोहर घामानं चिंब झाला होता. हे नुसतं 'ऐकतोय' वालं हाय आहे हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. पण मग साहेब आपणहून बोलायला लागला. गर्मी में हमारी बुआ रोज़ शाम को पानी डालती है, रास्ता ठंडा होता है. लकड़ी की बेंच बाहर रखते हैं, बूढ़े लोग पंखा लेके बैठते हैं. नया आदमी आता है तो तौलिया नहीं तो नूडल लेकर सबके घर जाता है, पहचान के वास्ते. हाताची बोटं मोडत, रंगवून, आपल्या गल्लीची खरी ओढ असलेल्या माणसासारखा तो सांगत होता. आणि मनोहर तोंड वासून ऐकत होता. सगळं खरं निघत होतं. त्यानं मनानं रचलेली गल्ली नागोयात खरोखर होती, आणि तो तीन महिने तिथं भात-मीठ खात खिडकी लावून बसला होता. पण त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. वाचलो, एवढंच वाटलं. गेली दोन वर्षं छातीवर बसलेलं कोणीतरी उठून गेलं. त्यानं गोपिकेकडं पाहिलं. तिचा चेहरा लखलखत होता.

मग खाणं आलं. अंजनाबाईच्या घरून पाटवड्या आल्या, गोपिकेनं चहा केला. घराघरांतून ताटल्या येत होत्या, जात होत्या. गोपिकेनं अंजनाबाईची रिकामी झालेली वाटी घासली, तिच्यात गुळाचा खडा घातला आणि म्हातारीच्या हातात दिली. निशिमुरा हे पाहत होता. त्यानं सिगरेट खाली केली.

"ये क्या दिया?"

"गूळ," अंजनाबाई म्हणाली. "गुड, गुड. वाटी खाली नहीं देते ना बाबू. मैत्रीभावना."

"हमारे यहाँ भी," साहेब म्हणाला, आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. पण साहेबाच्या कपाळाला आठी पडली होती. तो मनोहरकडं वळला. "मनोहर-सान, आप इसी गली के हैं?"

"हाँ साहब. जन्म इथलाच."

"अजीब बात है." त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, खरंच कोडं पडलं होतं त्याला. "हॉस्टेल के बगल में हमारी बुआ का घर है. उसने देखा, एक इंडियन लड़का खाता नहीं, दुबला हो रहा है. तो वो कटोरी में कद्दू, मूली, कुछ पका के देती थी. हर दो-चार दिन. कटोरी वापस आती थी, सुबह, सीढ़ी पर. खाली. एकदम साफ. बुआ को पहले थोड़ा दुख हुआ. फिर उसने मोहल्ले में सबको बताया, बुरा मत मानना, बुद्ध के देश में ऐसा ही रिवाज है, कटोरी धो के खाली देते हैं." तो थांबला. "पर यहाँ तो ऐसा रिवाज नहीं. तो मनोहर-सान का रिवाज कहाँ का है?"

मनोहरला ती वाटी आठवली. इतका वेळ तो विसरलाच होता, खरोखर विसरला होता. निळ्या काठाची वाटी. भोपळा गोडसर असायचा. तीन महिन्यांत पोटात गरम गेलं असेल तर तेवढंच. दारात ठेवून जाणाऱ्या बाईला तो वाकून हसायचा आणि दार लावून घ्यायचा. शब्द येत नव्हते ना.

मास्तर म्हणाले, "काय हो मनोहरराव?"

आणि मनोहरचा बांध फुटला. "मी लबाड बोललो जी. सगळंच. तिथली गल्ली मी पाह्यलीच नाही. हॉस्टेलमंधून निघालोच नाही मी. सडा, बाजा, वाटी, सगळं आपल्या मनानं सांगतलं तुमाले. आपल्या इथलंच सांगतलं." दोन वर्षं ज्याच्या भीतीनं झोप उडाली होती ते त्यानं एका दमात, सगळ्यांसमोर बोलून टाकलं, आणि मान खाली घालून तो घाव पडायची वाट पाहत राहिला.

"ते राहू द्या," मास्तरांनी हात झटकला. "सगळं खरं हाय असं साहेबांनी सांगितलं. वाटीचं बोला."

त्याच्या लबाडीत कुणाला रसच नव्हता. अंजनाबाई पुढं सरकली.

"तीन महिने त्या बाईनं तुले खाऊ घातलं?"

"हाव."

"अन् तू काहीच नाही देल्लं?"

"घासून देत होतो ना मी. साबणानं. चकाचक."

"घासली त्याचं काय सांगतं गा," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. "माह्या ओट्यावर जेवून मोठा झाला तू."

"माह्याजवळ देण्यासारखं काय होतं तिथं?" मनोहर कळवळून म्हणाला.

"लोणचं होतं ना जी," गोपिका म्हणाली. ती मागं उभी होती, आणि मघाचं तेज तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. "बरणीभर देल्लं होतं मी. अर्धी बरणी वापस आणली तुमी. तिथलं जेवण इतकं मस्त होतं का लोणच्याची गरजच पडली नाही, असं सांगतलं होतं मले."

तिला ती अर्धी बरणी दोन वर्षं कौतुकाची वाटत आली होती. मनोहरला वाटलं, कुणी हसलं असतं, कुणी शिवी घातली असती, तर बरं झालं असतं. लोक नुसते दुसरीकडं पाहत होते. मास्तर सतरंजीचा दोरा ओढत होते.

गोपिका घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पितळी वाटगं होतं, आणि त्यात औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरलेलं कैरीचं लोणचं. तिनं ते साहेबाला दिलं नाही. नवऱ्याच्या हातात दिलं. "द्या," एवढंच म्हणाली.

मनोहर उठला. साहेबापुढं जाऊन उभा राहिला आणि त्याला हिंदीही सुचेना, इंग्रजीही सुचेना. शेवटी गिरणीच्या फाटकावर उशीर झाला की साहेबाला जे सांगतात तेच त्याच्या तोंडून निघालं. "साहब, लेट हो गया. बुआ को देना."

निशिमुरानं वाटगं दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकला. बाटली काढून रुमालात गुंडाळली, बॅगेत जपून ठेवली. आता हातात रिकामं वाटगं राहिलं. त्यानं ते परत द्यायला पुढं केलं, आणि मध्येच थांबला. शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही. पैसे काढले आणि परत ठेवले. मग त्याला वरच्या खिशात आगपेटी सापडली, अर्धी संपलेली. ती त्यानं वाटग्यात ठेवली, आणि वाटगं दोन्ही हातांनी मनोहरपुढं धरलं.

सगळी गल्ली वाटग्यात डोकावून पाहत होती. आगपेटीवर जपानी अक्षरं होती, ती फक्त मनोहरच्या ओळखीची होती. तसलीच आगपेटी तीन महिने त्याच्या खिशात असायची. बिड्या त्यानं इथून नेल्या होत्या, पण काड्या तिथल्याच घ्याव्या लागायच्या, आणि सकाळी बसला जाता जाता बुआच्या पायरीवर रिकामी वाटी ठेवून तो तिथंच उभ्यानं बिडी पेटवायचा.